यंदा पहाटेला गाणं नाही म्हणे

आज दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला. "या वर्षी दिवाळी पहाटला क्लासिकल आणि नाट्यसंगीत ठेवत नाही आहोत. आजच्या ऑडियन्सला ते कनेक्ट होत नाही. डीजे आणि लाइट शो फायनल केलाय." खाली पटापट १७ अंगठे. मी गवार मोडत बसले होते, ती तशीच बाजूला सारून लिहायला घेतलंय. पोस्ट लांबणार आहे आणि मी चिडलेली आहे, आधीच सांगते.

आजचा ऑडियन्स म्हणजे नक्की कोण हो? गेल्या वर्षी आमच्या पार्किंगमध्ये सतरंजीवर बसलेली माणसं कुठल्या काळातली होती?

गेल्या नरक चतुर्दशीची गोष्ट. पहाटे सहाला एक मुलगी गायला बसली, जेमतेम बाविशीची. रिक्षात तंबोरा आडवा घालून, धाकट्या भावाला बरोबर घेऊन आली होती. ललित राग मांडला तिनं. ललितात पंचम, म्हणजे 'प' नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला, 'म'ला लावलेली. शुद्ध आणि तीव्र, दोन्ही मध्यम ती एकमेकांना इतके बिलगून लावत होती की माझ्या शेजारच्या आजी फराळाच्या गप्पा मारता मारता थांबल्या. आणि वीज गेली. माइक तळमजल्यावरच्या घरातून जोडलेला, तोही गेला. पाच-दहा सेकंदांत मागे जनरेटर धडधडायला लागला. तिची पट्टी पेटीची काळी चार, जनरेटरची कुठलीच नाही. भाऊ तंबोऱ्यावर कान टेकवून बसलेला. ती गातच राहिली. आणि मिनिटाभरात जनरेटर बंद झाला.

तो आमच्या वॉचमनदादांनी बंद केला होता.

नंतर मी त्यांना विचारलं, का हो दादा? परभणीकडचे आहेत ते. म्हणाले, "ताई, आमच्याकडं काकड्याला बुवा असंच लांब लावत्यात. त्या मशिनीपायी ऐकूच येईना, मग म्हनलं बंद करावी." कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे देवळात काकडा ऐकत वाढलेला माणूस. रागाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. कान मात्र तयार होता. त्यांना कनेक्ट झालं, आणि आमच्या १७ अंगठेवाल्यांना होत नाही!

यात मला काही नवलही वाटत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली याच पुण्यात 'शाकुंतल' हे संगीत नाटक उभं केलं, ते म्हणे पारशी नाटक कंपनीचं 'इंद्रसभा' बघून सुचलं. म्हणजे तेव्हाची चलतीतली फॅशनच ती. पदांच्या चाली कसल्या? साकी, दिंडी, लावणी. कीर्तनाला बसलेल्या, तमाशाच्या फडावर गेलेल्या कुणाच्याही कानावरून गेलेल्या. दोन वर्षांनी 'सौभद्र' आलं. पुढे १९१६ मध्ये 'स्वयंवर'साठी भास्करबुवा बखल्यांनी रागदारीतल्या चाली दिल्या, आणि जन्मात कधी मैफलीला न गेलेली माणसं बालगंधर्वांच्या तोंडचा यमन, भीमपलास गुणगुणत घरी गेली. राग शिकून नाही गेली कुणी. ऐकून गेली. काकड्यातून माझ्या वॉचमनदादांच्या कानात जे उतरलं, ते याच वाटेनं.

आमचा भाचा व्हिएन्नाला असतो. गाण्याबिण्याचा अजिबात नाद नसलेला मुलगा. तिथल्या ऑपेरात उभ्यानं बघायची स्वस्त तिकिटं मिळतात, तर मित्रांबरोबर गेला एकदा. इटालियनचा एक शब्द येत नाही. समोरच्या बारक्या पडद्यावर अर्थ येत होता म्हणे. तीन तास उभा राहिला आणि मला रात्री फोन करून म्हणाला, "मावशी, हे आपलं संगीत नाटकच आहे गं." तिथंही प्रेक्षक म्हातारे होत चाललेत अशी ओरड आहे, तो सांगत होता. असेल. पण म्हणून त्यांनी ऑपेराच्या जागी डीजे नाही आणून बसवला. नव्या माणसाला समजावं म्हणून पडदा लावला, परवडावं म्हणून उभ्याची जागा ठेवली. आपण काय केलं? मेसेज टाकला.

"आता कुणाला एवढा पेशन्स नाही." हे तर मला रोज ऐकवतात. मान्य, रात्र रात्र चालणारी नाटकं आज कुणाला झेपणार नाहीत, मलाही नाहीत. पण जुनी तबकडी तीन-साडेतीन मिनिटांत संपायची हो. गदगच्या ११ वर्षांच्या मुलानं अब्दुल करीम खाँसाहेबांची तसली एक तबकडी दुकानात ऐकली, आणि गुरू शोधायला घर सोडलं. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. तुमच्या रीलएवढंच होतं ते गाणं! छोटं असण्याशी माझं भांडणच नाही. कानावर पडायच्या आधीच 'नको' म्हणण्याशी आहे.

आणि हो, आपल्यातल्याच काहींनी हे गाणं पेठांतल्या चार घरांची मिरास असल्यासारखं वागवलं, चुकीच्या जागी टाळी दिली म्हणून पोरांकडे डोळे वटारले, हेही खरं आहे. त्याची लाज वाटते मला. पण त्या दिवशी फटाके घेऊन खाली आलेली तिसऱ्या मजल्यावरची चार मुलं जिन्यात बसली ती शेवटच्या भैरवीपर्यंत उठली नाहीत. लवंगी माळा तशाच हातात. त्यांना कुणी डोळे वटारले नव्हते, आणि बसवूनही ठेवलं नव्हतं.

खरं सांगायचं तर मीच उठत होते. जनरेटर सुरू झाला तेव्हा वाटलं, आता काय ऐकू येणार, उपम्याचं बघावं. पन्नास माणसांचा उपमा माझ्याकडे होता. एक चप्पल पायात घातलीसुद्धा होती. तेवढ्यात तो आवाज थांबला आणि तिचा षड्ज, तिचा 'सा' एकदम समोर आला. उघडा, माइकविना. मी तशीच खाली बसले. लहानपणी रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून, शाल गुंडाळून मी रात्र रात्र पडून असायचे. झोप आणि गाणं यांच्यामधलं ते काहीतरी असायचं. इतक्या वर्षांनी तसलं काहीतरी परत आलं, आणि ते आमच्या पार्किंगमध्ये, दोन मोटारींच्या मध्ये.

पैशांचं कारण दिलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण गेल्या वर्षी गाणारी, तबला, पेटी, तंबोरा सगळं मिळून १५ हजार दिले, तेही पाकीट डिसेंबरात. डीजे आणि लाइटचे ६० हजार, अर्धे आधी. तेव्हा तेही कारण नाही.

आणि आता ती गोष्ट, जी वर्षभर मी कुठे बोलले नाही. त्या जनरेटरपायी वॉचमनदादांची तक्रार गेली. लिफ्ट १२ मिनिटं बंद होती म्हणून. कुणी अडकलं असतं तर? बरोबर आहे, त्यांनी सांगून करायला हवं होतं. पण कुणी अडकलं नव्हतं. तरी आठवड्याभरात त्यांची दुसऱ्या साइटवर बदली झाली. ज्या एका माणसाला गाणं नीट ऐकायचं होतं, त्याला आपण घालवला. मी मीटिंगमध्ये गप्प बसले. ते मला अजून डाचतं. आज तो मेसेज वाचून एवढा संताप का आला, ते इथपर्यंत लिहिल्यावर कळतंय.

तर मंडळी, मी मघाशी त्या मुलीला फोन केला. तिला वेळ आहे. तिचं मानधन मी देणार, त्याच दिवशी, हातात. माझं पार्किंग माझ्या नावावर आहे, तिथं गाणं होईल. माइक लावणार नाही. त्यामुळे सकाळी सहाच्या आत लाउडस्पीकर नको हा नियमही आड येत नाही. नरक चतुर्दशी, पहाटे साडेपाच. ललितची खरी वेळ. डीजे आठला आहे, ज्याला नाचायचंय त्यानं खुशाल नंतर नाचावं, माझं काही म्हणणं नाही. सतरंज्या कमी पडतील, येताना एखादी घेऊन या. उपम्याचा रवा मी आदल्या रात्री भाजून ठेवीन.

वॉचमनदादांचा नंबर माझ्याकडे होता. त्यांनाही लावला. आधी त्यांना वाटलं काही कामासाठी बोलावतेय. म्हटलं, नाही दादा, ऐकायला या, वहिनींनाही आणा. ड्युटी आठची आहे म्हणाले, तोवर बसता येईल. मग जरा थांबून विचारलं, "ताई, लाइट गेली तर?"