मालकाचं उत्तर: चिमणी ओढतेय, पाणी भिंतीतून येतंय

नमस्कार ताई,

दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंय की स्वयंपाकघरात आमची चिमणी बसवली तरी ओट्याशेजारची भिंत ओलीच आहे, कपाटातल्या पोह्यांना कुबट वास येतो, आणि वर भोक पाडायचे पैसे वेगळे लावले. तुमचा वैताग कळतो. पण ही ओल चिमणीच्या खात्यावर टाकू नका.

तक्रारीनंतर आमचा मुलगा येऊन गेला, तेव्हा त्याने फिल्टरला वर्तमानपत्राचं पान लावलं. ते चिकटून राहिलं, म्हणजे ओढ आहे. मग कपाट पुढे सरकवलं, तर मागे रंगाचे पापुद्रे सुटलेले आणि बोट फिरवलं की पांढरी भुकटी. ते क्षार. गार भिंतीवर नुसती वाफ बसली तर काळी बुरशी धरते, क्षार मात्र भिंतीतून झिरपणारं पाणीच बाहेर आणतं. तुमची ती भिंत पश्चिमेची, जांभ्या दगडाच्या चिऱ्याची, बाहेरून गिलावा नाही. रत्नागिरीची झड थेट तिच्यावर, आणि चिरा पाणी पितो. मिरगाआधी जुनी माणसं त्या अंगाला नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायची, ती काय हौस म्हणून?

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. पापुद्रे खरवडून हातभर प्लास्टिक चारही कडांनी पट्टीने चिकटवा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ते भिंतीतलं. खोलीकडच्या बाजूला धरलं तर मला फोन करा, मी स्वतः येतो.

भोकाचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लिहिले होते. चिऱ्यात सहा इंची भोक मशीननेच पाडावं लागतं. पाइपाशिवायची, कोळशाच्या फिल्टरची चिमणी स्वस्तात बसली असती, पण ती वास थोडा कमी करते आणि वाफ पुन्हा घरातच सोडते. नुसता गॅस जळतानाही पाणी तयार होतं, 14.2 किलोच्या एका सिलिंडरमागे साधारण 22 लिटर. भाताची, आमटीची वाफ त्यात धरलेली नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात आहे. पाऊस आत येतो म्हणून स्वयंपाकघराची खिडकी आणि दार दोन्ही बंद असतात. आत हवा आली नाही तर चिमणी बाहेर काय टाकणार? माजघराचं दार उघडं ठेवा, आणि गॅस बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटं चिमणी चालू राहू द्या. ओट्यावरच्या दोरीवर कपडे वाळत घालणं आमच्याकडेही चालतं, पावसाळ्यात दुसरीकडे नेणार कुठे? पण ते सगळं पाणी त्याच खोलीत उतरतं, तेव्हा दोरी पडवीत गेली तर बरं.

याहून मोठी चिमणी घेऊ का, असंही विचारलंय. घेऊ नका. धंदा माझा असला तरी सांगतो, तो खर्च वाया जाईल. आतून वॉटरप्रूफ रंगही आत्ता नको, ओल्या भिंतीवर तो टिकत नाही. सध्या बाहेरून पत्रा किंवा ताडपत्री लावा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. दिवाळीनंतर भिंत वाळली की चांगल्या गवंड्याकडून बाहेरचे दर्जे, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, भरून घ्या. ते काम आम्ही करत नाही.

फिल्टरची पहिली सफाई बाकी आहे. ती मोफत आहे, दुकानात फोन करून वार सांगा.