खुलासा : लष्करी चाचणीमुळे शेतातल्या मोटारी जळत नाहीत

‘लष्करी उपकरणांच्या चाचणीत लाइनमध्ये लहरी सोडतात, म्हणून विहिरीवरच्या मोटारी जळतात’ असा मेसेज वर्धा-भंडाऱ्याकडच्या गावांच्या ग्रुपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

चाचणी मात्र खरी आहे : मिल-एसटीडी-४६१ या अमेरिकी लष्करी मानकातली सीएस-१०१. तीत ३० हर्ट्झ ते १५० किलोहर्ट्झचा रिपल (सप्लायवर चढवलेली छोटी लहर) कपलिंग ट्रान्सफॉर्मरमधून एकाच उपकरणाच्या पॉवर लीडवर, म्हणजे वीज देणाऱ्या वायरवर, चढवतात. या रिपलची पातळी आधी ०.५ ओहमच्या रेझिस्टरवर ठरवून घेतात. २८ व्होल्टच्या वरच्या सप्लायलाही ती ५ किलोहर्ट्झपर्यंत साधारण ६.३ व्होल्ट असते, पुढे उतरतच जाते. सप्लायच्या बाजूला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि एलआयएसएन (उपकरण आणि सप्लाय लाइन यांच्यामधलं फिल्टरसारखं जाळं) बसवलेले असतात, त्यामुळे रिपल मागे लाइनमध्ये फारसा जात नाही. एवढ्याशा रिपलने गावातली ४१५ व्होल्टची मोटार जळणं शक्यच नाही.

मोटार जळते ती बहुतेकदा एक फेज गेल्यावर. ती नुसती घुंघुं करते, उरलेल्या दोन फेजवर करंट चढतो, आणि ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटार बंद करणारा) बायपास केलेला असला की स्टार्टर पडत नाही, म्हणजे मोटार बंद होत नाही, वाइंडिंग करपतं. हा बायपास आधी काढा. डीओएल (मोटार थेट लाइनवर चालू करणाऱ्या) स्टार्टरचा रिले नेमप्लेटवरच्या अँपिअरला लावा, एक फेज गेली की मोटार बंद करणारा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवा आणि तिन्ही फेजमधलं व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या.