पाणी आलं का?

लातूरच्या माणसानं शिडाची होडी घेणं म्हणजे ब्रह्मचाऱ्यानं पाळणा विकत घेणं, हे मला मान्य आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेनं पहिलं पाच लाख लिटर पाणी आलं, तेव्हा ते नुसतं बघायला स्टेशनावर गेलेल्यांत मीही होतो. त्याच साली पावसाळ्यात मांजरा धरण भरलं आणि माझं डोकं फिरलं. पुण्याच्या एका ओळखीच्यानं बारा फुटी जुनी होडी ‘फुकटच समजा’ म्हणत गळ्यात मारली. गळते हे तो बोलला नाही. पण गळ्यात मारली, यात ते आलंच होतं.

वारा बाजूनं लागला की होडी खेकड्यासारखी आडवी सरकते. ते रोखायला तळाच्या मधोमध चीर ठेवतात आणि तिच्यातून एक फळी खाली पाण्यात सोडतात. आता तळाला मुद्दाम चीर पाडलेली होडी बुडायचीच. म्हणून चिरेभोवती आतून एक उभी, अरुंद पेटी बांधतात. पेटीत पाणी बाहेरच्याइतकंच चढतं आणि तिथंच थांबतं. थांबावं, अशी अपेक्षा असते. हिला म्हणतात सेंटरबोर्ड ट्रंक.

“ट्रंक गळतीय,” मी घरी म्हणालो.

“अगं बाई! रजया भिजल्या का?” बायको धावत माळ्याकडं गेली.

गळायच्या जागा दोनच. पेटी तळाला बसते तो सांधा, आणि फळी ज्या बोल्टवर फिरते त्याची भोकं. होडी पाण्यात राहिली तर लाकूड फुगतं आणि सांधा थोडाफार आपोआप बुजतो. आमची होडी वर्षाचे दहा महिने पत्र्याच्या शेडमध्ये, म्हणजे भट्टीत. पेटीखालच्या सागवानी पट्ट्या आकसून अशा सुटल्या होत्या, की फटीत बसचं तिकीट सरकवावं.

पण नक्की कुठून गळतं हे कळायला खालची चीर चिकटपट्टीनं बंद करून पेटीत वरून पाणी भरावं लागतं. मे महिन्यात. लातुरात. दोन बादल्यांसाठी मी बायकोपुढं जो अर्ज केला, तसा पीएफसाठीसुद्धा केला नव्हता. गळती दिसावी म्हणून पाण्यात नीळ कालवली. पाच मिनिटांत सांध्याला निळी रेघ उमटली, बोल्टखालून थेंब सुरू झाले. मी आनंदानं ओरडलो. बायकोनं शांतपणे खाली परात सरकवली आणि त्या पाण्यात माझे चार पांढरे शर्ट काढले.

शेजारचे तात्या कुंपणावरून बघत होते. “सर, पाणी आत यायलंय म्हणून दुरुस्ती करायलाव?”

“हो ना तात्या.”

“येऊ द्या की मग! आम्ही सकाळपासनं नळापाशी बसलोत.”

सांधा पटाशीनं खरवडून कोरं लाकूड काढलं, भरायला इपॉक्सी, म्हणजे दोन भाग कालवले की दगडासारखा घट्ट होणारा गोंद, आणला. मिस्त्री म्हणाले, सगळं एकदाच कालवा, परत परत कटकट नको. मला पटलं. इपॉक्सीचे दोन भाग एकत्र आले की आपसूक तापतात, मोठ्या गोळ्यात उष्णता कोंडते, आणि बाहेर बेचाळीस अंश. लाकडाचा भुसा घालून घोटतोय तोवर मगातून धूर निघाला, मग वाकडा झाला आणि चमचा आत कायमचा उभा राहिला. हळदीकुंकू वाहिलं असतं तर देव झाला असता. दुसऱ्या खेपेला पहाटे पाचला उठून, पसरट ताटलीत थोडंथोडं कालवून भरलं. मिस्त्री त्या वेळी झोपले होते, हेही कारण असावं.

उरला बोल्ट. आमच्या बाजारपेठेतल्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मी सगळ्यांवर ‘होडीचा वायसर’ मागितला. दोघांनी चहा पाजला. एकानं घरचं कुणी सोबत आहे का विचारलं. शेवटी बोअरच्या मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्यानं जाड रबर कापून दिलं. “पाचशे फुटांवर टिकतंय. तुमचं किती फूट?”

“दीड.”

त्यानं पैसेच घेतले नाहीत.

ट्रॉलीवर घालून होडी मांजरा धरणावर, धनेगावला नेली. धरण इतकं मागं सरलं होतं की काठापर्यंतच गाळातून अर्धा तास ओढावी लागली, आणि तेवढ्यात चिरेत काळी माती ठासून बसली. फळी खाली जाईना. एका मासेमाऱ्यानं वरून काठीनं ढोसून ती सोडवली आणि काठी पुसत विचारलं, “एवढी भानगड कशाला? वल्हं नाही का?” फळीविना आडवं, फळीसकट सरळ, असा तासभर फिरलो. दर पाच मिनिटांनी वाकून सांध्यावरून बोट फिरवत होतो. बोट कोरडं!

संध्याकाळी परत आलो तर तात्या फाटकाशी घागर घेऊन उभे.

“सर, पाणी आलं का?”

“नाही आलं!” मी उडीच मारली. “एक थेंब नाही, तात्या!”

तात्यांनी घागर खाली ठेवली. “मग त्यात नाचायलाव कशाला?”