गरीब पण हुशार मुलगा कसा वापरावा?

निवासी शाळा काढताय? अभिनंदन. इमारत, मैदान, लॅटिन बोधवाक्य, सगळं पैशानं होतं. अडचण पुढे येते: पैसेवाल्यांची मुलं फी भरतात, पण पहिली येतीलच असं नाही. म्हणून अधूनमधून एखादा गरीब पण हुशार मुलगा निम्म्या फीत घ्यावा. गुणवंतांच्या फलकावर नाव त्याचं लागतं आणि फलक बघून पूर्ण फीवाले येतात. (म्हणजे उपकार तोच करतो. त्याला हे कळू देऊ नका.)

इंग्लंडकडून शिका. सहाव्या हेन्रीनं १४४० मध्ये ईटन काढलं ते ७० गरीब मुलांना फुकट शिकवायला. मग फी भरणारे आले, बहुसंख्य झाले, आणि ज्यांच्यासाठी शाळा निघाली त्यांनाच त्यांच्या काळ्या झग्यावरून 'टग' (लॅटिन 'टोगा', म्हणजे झगा) म्हणून हिणवू लागले. मूळ मालकाला पोटभाडेकरू करून टाकायचं, याला शतकांचा सराव लागतो.

सवलत गुप्त ठेवा. फार गुप्त नको, मुलाला आणि मग सगळ्या शाळेला कळेल इतपत. त्याचं गणित चुकलं की लगेच हात उगारू नका. आधी चष्मा काढून पुसा. मग म्हणा, "आम्ही तुझ्यासाठी किती करतो, आणि तू हे असं फेडतोस?" आवाज खालचा हवा, मागच्या बाकापर्यंत जेमतेम पोचणारा. तेच गणित कारखानदाराच्या पोराचं चुकलं तर खिडकीबाहेर बघा. उरलेलं काम मुलं करतात. सुट्टीत कुठे गेलास, घरी नोकर किती, गाडी कोणती? एवढ्यात आठ वर्षांचं पोरही समोरच्याची पत काढतं. तुम्हाला फक्त कमी ऐकू यायला हवं.

रविवारी घरी पत्रं लिहून घ्या आणि शुद्धलेखन तपासायला पाकिटं उघडी मागा. 'मी मजेत आहे' या वाक्यात सहसा चुका नसतात.

धाकट्यांनी थोरल्यांचे बूट पुसावेत, टोस्ट भाजावेत, थंडीत संडासाची बैठक आधी बसून ऊबदार करून ठेवावी. माहितीपत्रकात याला 'चारित्र्यघडण' लिहा.

छडीचं मात्र कायद्यानं वाटोळं केलं. इंग्लंडात १९८७ पासून सरकारी शाळांत ती बंद झाली. खासगी शाळांतही ज्यांची फी सरकार भरत होतं त्यांना हात लावायची सोय राहिली नाही. एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी बापाच्या पैशानं शिकणाऱ्यालाच छडी खाण्याचा मान उरला, तोही १९९९ मध्ये गेला. त्याआधी १९९३ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं थोडा धीर दिला होता. निवासी शाळेतल्या सात वर्षांच्या मुलाला रबरी तळव्याच्या बुटाचे तीन फटके, ही शिक्षा 'अपमानास्पद'च्या पातळीला पोचत नाही, असं ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं. एका न्यायाधीशाचा फरक, तेव्हा चौथा फटका जपून.

सवलतीतला मुलगा पुढे हमखास नाव काढतो. त्याला माजी विद्यार्थी मेळाव्याला बोलवा, पहिल्या रांगेत बसवा, देणगीचं पाकीट पुढे करा. त्याचा मुलगा प्रवेशाला आला तर फी पूर्ण घ्या.