असलं अमेरिकेत खपत नाही म्हणे

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर पुन्हा एका बाबाचा विषय पेटला. सांगलीच्या दादाने निकाल दिला, “आपली माणसंच अडाणी. असलं अमेरिकेत खपत नाही.” खाली अकरा अंगठे, त्यात एक माझ्या आईचा.

दादा, तुम्ही पाठवलेली भाजणी मी इथे सॅन फ्रान्सिस्कोत गिअरी रस्त्यावरच्या ज्या पोस्टातून आणते ना, तिथेच पूर्वी जिम जोन्स नावाच्या बाबाच्या पंथाचं, पीपल्स टेंपलचं, मंदिर होतं. काळे-गोरे एका बाकावर बसवणारा इंडियानाचा पाद्री. 1965 मध्ये अनुयायांसकट कॅलिफोर्नियात आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या पुढाऱ्यांना निवडणुकीत राबणारी माणसं हवी होती, ती त्याच्याकडे होती. 1976 मध्ये महापौरांनी त्याला शहराच्या गृहनिर्माण आयोगावर नेमलं. बाबा आणि पुढारी एका मंचावर. ओळखीचं वाटतंय का काही?

1977 मध्ये एका मासिकाने आतली मारहाण आणि रोग बरे करण्याची सोंगं छापायला घेतली, तसा तो दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात पळाला. 18 नोव्हेंबर 1978 ला चौकशीसाठी गेलेले खासदार लिओ रायन धावपट्टीवर मारले गेले. त्याच संध्याकाळी जोन्सच्या तिथल्या वसाहतीत, जोन्सटाउनमध्ये, सायनाइड घातलेलं सरबत वाटलं. आधी लेकरांना. भोवती बंदूकवाले. एकूण 918 मृत्यू, तीनशेहून जास्त मुलं. आता माझ्या ऑफिसात कुणी साहेबाच्या हो ला हो करू लागला की “कूल-एड प्यायलाय” म्हणून हसतात. कूल-एड म्हणजे इथली सरबताची पूड. पाकिटं बहुतेक दुसऱ्याच, फ्लेवर एडची होती, पण ते असो.

आपल्याकडे 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा तरी झाला. दाभोलकरांचा जीव गेल्यावर झाला, हे कबूल. इथे तसाही नाही. (भारतात राहून मी हे इतक्या ठसक्यात बोलले असते का, कोण जाणे.)

ओकलंडच्या एव्हरग्रीन स्मशानभूमीत, कुणी न्यायला न आलेल्या चारशेवर लोकांची कबर आहे. उतारावर हिरवळीत चार सपाट ग्रॅनाइट शिळा आणि सगळ्यांची नावं. एकेक आडनाव चार-पाच ओळी पुढे चालूच राहतं. जोन्सचंही नाव त्यातच कोरलंय, त्यावरून भांडणं झाली. मेलेल्यांत बहुतेक काळे, म्हाताऱ्या बायका पुष्कळ. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी पेन्शनचे, चेक टेंपलला द्यायच्या. बदल्यात खोली, जेवण, डॉक्टर आणि हाक मारणारं माणूस. अडाणी कशा म्हणू?

कारण माझ्या पहिल्या हिवाळ्यात मलाही एका सत्संगातून फोन आला होता. मी गेले ती वरणभातासाठी. चौथ्या रविवारी माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवलेली दिसली आणि मला रडू फुटलं. कुणी पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर नाही म्हटलं असतं, असं छातीठोक सांगता येत नाही. सुटले ती काही विवेकाने नव्हे. ज्यांच्या गाडीतून जायचे त्या बाई टेक्सासला गेल्या.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं आणि खोडलं. “तू तिथे सुखात, तुला इथलं काय कळतंय” हे उत्तर मला पाठ आहे. मग आईलाच फोन करून विचारलं, अंगठा का दिलास?

“वाचलं नाही गं, दादाने लिहिलं म्हणून दिला. भाजणी पोचली का?”