दगड पसंत आहे

आफ्रिकन सिक्लिड पाळायचे ठरवले की मासे निवडायला फार वेळ लागत नाही. पिवळा आवडतो, निळा त्याहून आवडतो, झाले. खरा घोर दगडांचा. मलावी सरोवरातले म्बुना गटाचे सिक्लिड मासे किनाऱ्याच्या खडकांतच राहतात आणि खडकांवरचे शेवाळ खरवडून खातात. म्हणजे घर आणि ताट दोन्ही दगडच. तो आपण निवडायचा.

तिथल्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, साधारण ७.७ ते ८.६. पाणी अल्कधर्मी, आणि चुन्याचा दगड ते तसेच ठेवतो. त्यामुळे दगडाची व्हिनेगर-परीक्षा होते. चार थेंब टाकायचे आणि टक लावून बघत बसायचे. फसफसला तर त्यात चुना आहे. इतर मासेवाले असा दगड दूर ठेवतात, आम्ही त्याला कवटाळतो. ग्रॅनाइट मात्र ढिम्म. तो पाण्याचे भले करत नाही, वाईटही करत नाही, फक्त वजन वाढवतो. आणि वजन म्हणजे काय! लिटरभर जागेला अडीच किलोच्या वर. दोनशे लिटर पाणी आधीच दोनशे किलो, त्यावर हा डोंगर. घरचे टाकीकडे न बघता खालच्या टेबलाच्या पायांकडे बघू लागतात. लाव्हा रॉक हलका असतो, पण खरखरीत. हे मासे दिवसभर एकमेकांच्या मागे लागलेले, कुशी सोलून निघायच्या.

वाळूचे प्रकरण वेगळेच. पांढऱ्या वाळूवर टाकी उजळते आणि मासे फिके पडतात. काळ्या वाळूवर मासे खुलतात. अॅरागोनाइटची, म्हणजे चुन्याच्याच एका खनिजाची, वाळू पीएच सांभाळते म्हणून तिचा मोठा मान. पण नळालाच क्षारयुक्त पाणी येत असेल तर ती नुसती मिरवायला. जाड खडी नको, कारण हे मासे तोंडात वाळू भरून चाळतात आणि खडीच्या फटींत त्यांचीच घाण अडकते. राहता राहिली बारीक वाळू. ती धुवायची. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची, असे सांगणाऱ्याने ती स्वतः कधी धुतली असेल असे वाटत नाही.

एक नियम मात्र कुणीही मोडू नये. आधी काचेवर दगड, मग भोवती वाळू. वाळूवर दगड रचला की हे खोदकामगार खालून पाया काढून घेतात आणि वरचा दगड काचेवर येतो.

मी नियम पाळला. प्रत्येक दगड हलवून पाहिला, फटी ठेवल्या, कमजोर माशाला नजरेआड होता यावे असे आडोसे केले. पांढऱ्या रेघेचा एक सुंदर दगड मुद्दाम समोर वळवला. मग एका नराने तो कोपरा आपला ठरवला. तळाची काच दिसेपर्यंत उकरले आणि निघालेली सगळी वाळू त्या रेघेवर लोटली. मी हात घालून रेघ मोकळी केली. तो बोटाला चावला, आणि मी हात काढेपर्यंत वाळूचा पहिला घास परत आणून टाकला होता.