अस्खलित

काल अनुवादाच्या कामासाठी ऑनलाइन अर्ज भरायला सायबरवाल्याकडे गेलो. घरचं नेट बंद, तो वैताग वेगळाच. पोरानं मान वर न करता विचारलं, "मराठी किती येतं?"

"अस्ख... अस्सख..." हा शब्द ज्यानं घडवला त्यानं तो मोठ्यानं म्हणून पाहिला नसावा. तिसऱ्या खेपेला जमला. तोवर बाकावर सातबाऱ्यासाठी ताटकळलेले जुन्नरकडचे आजोबा सरसावून बसले होते.

"म्हंजी काय वो?"

"न अडखळता. स्खलन म्हणजे घसरणं. ते ज्यात नाही ते अस्खलित."

"भूस्खलनातलं स्खलन?"

"तेच."

झालं! माळशेज घाट, दरड, अडकलेली एसटी, ड्रायव्हरनं डब्यातली भाकरी कुणाला दिली, त्या ड्रायव्हरची मेहुणी नारायणगावात कुणाच्या घरी दिलीय, तिकडचा टोमॅटो यंदा कसा बसला... दहा मिनिटं, एकदाही न अडखळता. मी तेवढ्यात तीनदा "हो, पण" म्हणालो, तिन्ही वेळा 'पण'वरच अडकलो. शेवटी आजोबा म्हणाले, "घाट अस्खलित करा म्हणावं आधी. भाषेत कुठली आलीय दरड? फाडफाड येती, लिवा!"

आता फाडफाड येतं ते इंग्रजी. फर्डं बोलतात तेही इंग्रजीच. फाडफाड मराठी बोलणारा मी तरी पाहिला नाही, बोललाच तर लोक त्याला भांडखोर म्हणतील. आणि 'अस्खलित मराठी' हे कौतुक पेपरात कुणाच्या वाट्याला येतं? पुण्यात येऊन राहिलेल्या जर्मन बाईच्या. मी चौपन्न वर्षं हीच भाषा बोलतोय, मेलं कुणी एकदा म्हणालं नाही. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रानं मराठीला अभिजात दर्जा दिला, मला साधा अस्खलितचा मिळेना.

इकडे पोराची झटापट चालूच होती. 'आसखलित', 'अस्खलीत'. "ली ऱ्हस्व," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. बोलला काही नाही.

तीस रुपये मोजले, घरी आलो, चष्मा लावून प्रिंट पाहिली.

इंग्रजी : फ्लुएंट.
मराठी : कामापुरती.

तसाच परत गेलो. "सबमिट झालं, काका," पोरगा म्हणाला. आजोबा अजून बाकावरच होते. सातबारा काही निघाला नव्हता.